दोन्हींवर ‘लिथियम’च लिहिलेलं, पण चार्जर एक नाही

“दादा, चार्जरला हिरवा दिवा येतो, बॅटरी फुल्ल म्हणतो, आणि पाण्यात गेलं की अर्ध्या तासात मोटर बसते.”

करमाळ्याकडच्या एका होडीवाल्याने बॅटरी माझ्या टेबलावर ठेवली तेव्हाची ही गोष्ट. उजनी धरणाच्या फुगवट्यावर तो पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवतो. पेट्रोलच्या इंजिनाच्या आवाजाने रोहितांचा थवा उठून जातो, म्हणून त्याने होडीच्या मागे विजेवरची ट्रोलिंग मोटर बसवली होती. बॅटरीवर लिहिलेलं ‘12 व्होल्ट लिथियम’. चार्जरवरही ‘लिथियम’. त्याच्या लेखी जोडी जमली होती.

खोका उघडला. आत चार सेल एकामागे एक जोडलेले होते, पण ते 3.7 व्होल्टचे. चार्जर होता 14.6 व्होल्टचा, म्हणजे 3.2 व्होल्टच्या चार सेलसाठी बनवलेला. 14.6 ला चारने भागा, प्रत्येक सेलला 3.65 आले. 3.2 वाला सेल 3.65 ला पूर्ण भरलेला असतो. 3.7 वाला तिथे निम्माही भरलेला नसतो, त्याला 4.2 पर्यंत जायचं असतं. चार्जरने आपलं काम चोख करून हिरवा दिवा लावला होता, आणि होडी मात्र रिकाम्या पोटी पाण्यात जात होती.

बाजारात ‘लिथियम’ या एका शब्दाखाली मुख्यतः दोन रसायनं विकली जातात. पहिलं लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. दुसरं निकेल, मँगनीज आणि कोबाल्टचं, म्हणजे एनएमसी. एलएफपीचा सेल 3.2 व्होल्टचा, भरल्यावर 3.65. एनएमसीचा 3.6 किंवा 3.7 चा, भरल्यावर 4.2. सगळा फरक या आकड्यांत आहे, म्हणून लेबलवर आधी व्होल्ट बघा. 12.8 दिसलं तर चार सेलची एलएफपी. 11.1 दिसलं तर तीन सेलची एनएमसी, 14.8 असेल तर चार सेलची. नुसतं ‘12 व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर दुकानदाराला विचारा, “सेल कोणता, आणि पूर्ण चार्जला किती व्होल्ट?” उत्तर आलं नाही तर बॅटरी तिथेच ठेवून या.

24 व्होल्टला घोळ जास्त होतो. एलएफपीचे आठ सेल 25.6 व्होल्ट, पूर्ण चार्जला 29.2. एनएमसीचे सात सेल 25.9, पूर्ण चार्जला 29.4. इतके जवळचे आकडे असल्यामुळे इथे चार्जरची अदलाबदल बऱ्याचदा खपून जाते, आणि “आपल्याकडे तर चालतं” अशी सवय लागते. तीच सवय 12 व्होल्टला घातक ठरते. तीन सेलच्या एनएमसीला 14.6 चा चार्जर लावला, तर प्रत्येक सेलवर 4.87 व्होल्टपर्यंत दाब जाऊ शकतो. तेव्हा मध्ये उभा असतो तो फक्त आतला बीएमएस, म्हणजे सेलची राखण करणारं सर्किट. जुन्या सेलमधून जोडलेल्या पॅकात तो असेलच याची खात्री मी देत नाही.

होडीसाठी माझं मत स्पष्ट आहे: एलएफपीच घ्या. एनएमसी वाईट आहे म्हणून नव्हे. तेवढ्याच वजनात ती जास्त ऊर्जा साठवते, आणि स्कूटरसाठी वजन महत्त्वाचं. होडीत दोन-चार किलोंनी फारसं बिघडत नाही. तिथे महत्त्वाची दोन कारणं वेगळी. एक, 12 व्होल्टच्या मोटरला एलएफपीचा 13 च्या आसपास स्थिर राहणारा दाब बरोबर बसतो. चार सेलची एनएमसी पूर्ण भरली की 16.8 ला जाते, जे अनेक मोटरींच्या कंट्रोलरला सोसत नाही. तीन सेलची उतरत उतरत 10 च्या खाली येते आणि मोटर मंदावते. दुसरं कारण आगीचं. एनएमसी फार तापली की तिच्या धन बाजूच्या पदार्थातून प्राणवायू सुटतो आणि आग स्वतःला पोसते. फॉस्फेटमध्ये प्राणवायू फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो. एलएफपी कधीच पेटत नाही असं मात्र समजू नका, ती बिघडली तर तिच्यातूनही ज्वलनशील वायू निघतो. पण भर पाण्यात, चार माणसं बसलेल्या होडीत, मला तीच सोबत हवी. या पदार्थावरचा पहिला मोठा शोधनिबंध 1997 चा. त्यावर 2019 चे नोबेल विजेते जॉन गुडइनफ यांच्यासोबत पाधी आणि नंजुंडस्वामी ही नावं आहेत, हे मला दरवेळी सांगावंसं वाटतं.

किती मोठी घ्यायची? 55 पाउंड रेट्याची 12 व्होल्टची मोटर पूर्ण वेगाला साधारण 50 अँपिअर ओढते. 100 अँपिअर-तासाची बॅटरी त्या हिशोबाने दोन तास. वेग थोडा कमी केला की करंट झपाट्याने उतरतो, म्हणून सावकाश चालवणाऱ्याचा दिवस निघतो. बीएमएस 100 अँपिअर सतत देणारा असावा, आणि बॅटरीजवळच 60 चा सर्किट ब्रेकर हवाच.

जुन्या शिसे-ॲसिड बॅटरीशी तुलना सोलापूरकराला एका वाक्यात कळेल. उजनीच्या सुमारे 117 टीएमसीत 63 च्या वर मृतसाठा आहे ना, तसा शिशाच्या बॅटरीचा निम्मा साठा वापरायचा नसतो, वापरला तर ती लवकर मरते. एलएफपीचा 80-90 टक्के साठा बिनधास्त वापरता येतो, आणि वजनही निम्म्याहून कमी.

फक्त पातळी मोजायची पद्धत बदलते. शिशाची बॅटरी उतरत जाते तसे व्होल्ट उतरतात. एलएफपीचे व्होल्ट बराच काळ जागचे हलत नाहीत आणि शेवटी एकदम कोसळतात. मोटरीवरचे बॅटरीचे दिवे बहुधा शिशाच्या हिशोबाचे, ते चारही पेटलेले बघून कोणी लांब जाऊ नये. आत गेलेला आणि बाहेर पडलेला करंट मोजणारा शंट मीटर लावा. दुपारी फुगवट्यावर वारा सुटला की बंद मोटर घेऊन वल्ही मारत काठ गाठणं काय असतं, ते मी स्वतः भोगलंय. लाइफ जॅकेट आणि वल्ही होडीत असूच द्या.

आता चार्जिंग. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचा चार्जर एलएफपीला लावू नका. त्यातल्या काहींत शिशाच्या पाट्यांवर साचलेलं सल्फेट झाडण्यासाठी 15 व्होल्टच्या वर झटके देणारी सोय असते. एलएफपीला सल्फेटचा आजारच नाही, झटक्यांनी बीएमएस मात्र बिघडू शकतो. 14.6 चा, एलएफपीसाठीचाच चार्जर घ्या. 100 अँपिअर-तासाला 20 अँपिअरचा पुरेसा, पाच-साडेपाच तासांत काम होतं.

आपल्याकडे जास्त सांभाळायचं ते ऊन. बहुतेक एलएफपीला 45 अंशांच्या वर चार्ज करायची मनाई असते. मे महिन्यात हवाच 43 ला टेकते, तर उन्हात तापलेल्या होडीतल्या बंद पेटीचं काय होत असेल. काठावर उतरल्या उतरल्या वायर जोडायची घाई नको. बॅटरी सावलीत आणा, हाताला थंड लागू द्या, रात्री चार्जला लावा.

पावसाळ्यात होडी बंद असेल तर निम्म्या चार्जवर, मोटरपासून सोडवून, कोरड्या जागी ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बघा. हिवाळ्यात पक्षी यायच्या आधी मात्र पूर्ण भरून हिरव्या दिव्यानंतरही दोन-तीन तास चार्जरवर राहू द्या, कारण सगळे सेल एका पातळीला आणायचं काम बीएमएस त्या शेवटच्या टप्प्यातच करतो.

त्या होडीवाल्याला मी 14.6 चा चार्जर ठेवायला सांगितला आणि बॅटरी बदलायला लावली.