चौदा हजार किलोमीटर आणि चार उन्हाळे

“मामा, फक्त चौदा हजार चाललीय. डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड. येतोस का बघायला?”

जुन्या गाड्यांच्या बाजारात डॉक्टरांच्या गाड्या इतक्या असतात की, डॉक्टर मंडळी पेशंट तपासतात कधी असा प्रश्न पडावा. पण भाच्याची निकड खरी होती. घर घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत, पेट्रोलचा खर्च डोक्यावर. इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीच होती आणि नवी परवडत नव्हती. रविवारी सकाळी आम्ही खारघर गाठलं.

गाडी दिसायला झकास. चार वर्षांची, कुठे ओरखडा नाही, सीटवरचं प्लास्टिक तेवढं काढायचं बाकी. सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये डांबरावर उभी, चार्जिंगची वायर लावलेली, स्क्रीनवर १०० टक्के. मालक खरोखरच डॉक्टर निघाले. कौतुकाने म्हणाले, “मी कायम फुल करूनच ठेवतो. मुलाकडे परदेशात जातो तेव्हासुद्धा वॉचमनला सांगून जातो, चार्ज उतरू द्यायचा नाही.”

भाचा खूश झाला. मी मात्र त्या डांबराकडे बघत राहिलो.

पेट्रोल गाडीचं वय आपण किलोमीटरमध्ये मोजायला शिकलो, कारण तिथे झीज होते ती फिरणाऱ्या भागांची. इलेक्ट्रिक गाडीतला सगळ्यात महाग भाग फिरतच नाही. तो, म्हणजे बॅटरीचा पॅक, सीटखाली पसरलेला असतो आणि गाडी उभी असतानाही म्हातारा होत असतो.

या पॅकमधल्या प्रत्येक लिथियम-आयन सेलमध्ये एका बाजूला ग्राफाइटचे थर असतात. चार्ज करताना लिथियमचे आयन दुसऱ्या बाजूने येऊन या थरांमध्ये शिरून बसतात आणि गाडी चालवताना परत जातात. मध्ये असतं इलेक्ट्रोलाइट नावाचं द्रव. हे द्रव चार्ज झालेल्या ग्राफाइटला लागून सुखाने राहू शकत नाही, त्याचं तिथे विघटन होतं. त्यातून ग्राफाइटवर एक पातळ थर धरतो, अगदी दुधावर साय धरावी तसा. ही साय गरजेची असते. तीच पुढचं विघटन रोखून धरते, ती नसती तर बॅटरी थोड्याच दिवसांत संपली असती. पण साय जशी दुधातूनच येते, तसा हा थर सेलमधलं कामाचं लिथियम खाऊनच जाड होतो. त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा ये-जा करत नाही. सुरुवातीला साय झपाट्याने धरते, मग तिच्याच जाडीमुळे वेग मंदावतो. म्हणून बहुतेक गाड्यांची क्षमता पहिल्या एक-दोन वर्षांत डोळ्यांत भरेल इतकी उतरते आणि नंतर हळूहळू घसरते. जुन्या गाडीत थोडी घट दिसली म्हणून दचकायचं कारण नाही. मुळीच घट नाही असं कुणी सांगितलं तर दचकावं.

सायीला दोन गोष्टी मानवतात. एक उष्णता. रासायनिक क्रियांबद्दलचा ढोबळ आडाखा असा की, तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. दुसरी गोष्ट म्हणजे भरलेली बॅटरी. ग्राफाइटमध्ये लिथियम जितकं ठासून भरलेलं, तितकी त्याची द्रवाशी खटपट जास्त. आता डॉक्टरांची गाडी डोळ्यांसमोर आणा. १०० टक्के चार्ज, खाली तापलेलं डांबर, वर एप्रिलचं ऊन, आणि बंद गाडीत पॅक थंड ठेवणारा पंप सहसा चालत नाही. असे चार उन्हाळे. चौदा हजार किलोमीटर ही त्या गाडीची जमेची बाजू नव्हती, तो तिच्या उभं राहण्याचा हिशेब होता.

उष्णतेचा हा धडा जगाने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात गिरवला. निस्सान लीफच्या तेव्हाच्या पॅकला थंड करायची सक्रिय व्यवस्था नव्हती. फिनिक्ससारख्या रखरखीत शहरातल्या मालकांच्या गाड्यांची क्षमता एक-दोन वर्षांतच घटू लागली, आरडाओरड झाली आणि कंपनीला क्षमतेची वेगळी वॉरंटी द्यावी लागली. थंड प्रदेशांतल्या त्याच गाड्या ठीक होत्या. परदेशी व्हिडिओंमध्ये मात्र सगळी काळजी थंडीची असते. थंडीत भराभर चार्ज केलं तर आयन ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावरच साचतात आणि त्यांचा धातू बनतो. ठाणे स्टेशनला लोकलच्या आत जागा असते, पण दारातली माणसं आत सरकत नाहीत, तसंच. आपल्याकडची थंडी म्हणजे पंखा एकवर ठेवणे. इथे विचारायचा प्रश्न एकच: गाडी उन्हाळ्यात कुठे आणि किती टक्क्यांवर उभी असायची?

विकणारा अर्थातच स्क्रीन दाखवतो. “बघा, फुल चार्जवर २४० किलोमीटर दाखवते.” त्या आकड्याला भुलू नये. तो क्षमतेचं मोजमाप नसून भाकीत असतो, अलीकडे गाडी जशी चालवली गेली त्यावरून केलेलं. पाम बीच रोडवर चार दिवस पन्नासच्या वेगाने, एसी बंद ठेवून गाडी फिरवली की तीच बॅटरी जास्त किलोमीटर दाखवू लागते.

खरा आकडा गाडीकडून काढून घ्यावा लागतो आणि त्याला पाचवीचं गणित पुरतं. आम्ही डॉक्टरांच्या परवानगीने गाडी फिरवून २० टक्क्यांपर्यंत उतरवली आणि जवळच्या डीसी फास्ट चार्जरला लावली. नवी असताना त्या पॅकमध्ये वापरता येण्याजोगे ३० युनिट, म्हणजे ३० किलोवॉट-तास होते. २० वरून ८० टक्के म्हणजे ६० टक्के, म्हणजे १८ युनिट आत जायला हवेत. पाऊण तास आणि दोन कटिंगनंतर चार्जरच्या पडद्यावर आकडा आला १५.३. वाटेत थोडी वीज उष्णतेत जाते, ती ३ टक्के धरली तर बॅटरीत पोहोचले सुमारे १४.८ युनिट. ६० टक्क्यांना १४.८, तर १०० टक्क्यांना २४.७. मूळच्या ३० पैकी ८२ टक्के.

हे मोजमाप अगदी नेमकं नाही. स्क्रीनवरची टक्केवारी पूर्णांकात असते, त्या दिवशीचं तापमान असतं, एसी चालू राहिला तर तोही वीज खातो. तीन-चार टक्के इकडे-तिकडे धरून चाला. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर, सोसायटीचा सबमीटर वाचूनही हे करता येतं, फक्त तिथे घरातली एसी (उलटसुलट वाहणारी) वीज बॅटरीला लागणाऱ्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेत बदलताना होणारी घट जास्त असते, दहा-पंधरा टक्के धरावी लागते.

चार्जिंग चालू असताना आणखी एक गोष्ट बघायची. सुरुवातीला चार्जर ठरावीक किलोवॉट देतो आणि ८० टक्क्यांजवळ तो आकडा खाली येऊ लागतो, हे बरोबर. पण चाळीस टक्क्यांनाच वेग कोसळला, किंवा चार्जिंग मध्येच तुटलं, तर दुसऱ्या चार्जरवर लावून बघावं. आपल्याकडे बऱ्याचदा दोष गाडीचा नसून चार्जरचा निघतो. दोन ठिकाणी तेच झालं तर मात्र पॅकच्या आत काहीतरी आहे.

ते ‘काहीतरी’ बहुतेकदा एखादा अशक्त सेल असतो. पॅकमध्ये सेल एकामागे एक जोडलेले असतात. पंगतीत एक जण उठला की सगळ्यांना उठावं लागतं, तसा सगळ्यात आधी रिकामा झालेला सेल पूर्ण पॅकचं जेवण थांबवतो. हे बघायला स्टिअरिंगखालच्या ओबीडी (गाडीतले दोष तपासायच्या) सॉकेटमध्ये लावायचा स्वस्त ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं ॲप मिळतं. त्यात सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक दिसतो. उभ्या गाडीत तो वीस-तीस मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. शंभराच्या पुढे गेला तर तिथूनच रामराम.

इथे मात्र बॅटरी कुठल्या जातीची हे ठाऊक हवं. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीचं व्होल्टेज चार्ज उतरेल तसं उतरत जातं. येऊरच्या चढाच्या रस्त्यावर आपण किती उंचीवर आहोत यावरून किती वाट राहिली ते कळतं, तसं. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरीचं व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास सपाट असतं. सपाट पाम बीच रोडवर उंची मोजून सानपाडा आलं की नेरूळ, हे सांगता येईल का? एलएफपीच्या गाडीलाही ते नीट सांगता येत नाही. म्हणून ती अधूनमधून १०० टक्के भरावी लागते, म्हणजे तिचा हिशेब जुळतो. महिनोन्महिने तसं केलं नसेल तर काटा १८ टक्क्यांवरून एकदम ६ वर येऊ शकतो. तो दोष हिशेबाचाही असू शकतो. आधी पूर्ण भरून पुन्हा तपासायचं, मग ठरवायचं. सेलमधला फरकही एलएफपीत मधल्या टप्प्यात दिसत नाही, अगदी वर किंवा अगदी खाली बघावा लागतो.

आता पाणी. ठाण्यात वंदना टॉकीजजवळ दर पावसाळ्यात काय होतं ते सांगायला नको, आणि बेलापूरसारखा खाडीकाठचा सखल भाग तर भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणाऱ्या धारण तलावांच्या भरवशावर आहे. पॅकवर आयपी-६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि तोही प्रयोगशाळेत, नव्या गॅस्केटसह (पाणी अडवणाऱ्या रबरी पट्टीसह). रात्रभर तुंबलेल्या खाऱ्या पाण्यात पाच वर्षं जुन्या गॅस्केटबद्दल तो शिक्का काहीच बोलत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आत गुंडाळलेल्या भागावर मातीची तपकिरी रेघ असेल तर गाडी पाण्यात होती, मालक काहीही सांगो. कार्पेट उचलून वास घ्या. विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा. जाड नारिंगी वायरींना मात्र हात लावायचा नाही. तिथे तीनशेच्या वर व्होल्ट असू शकतात.

आणि गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. पेट्रोल गाडीचं पोट घासलं तर सायलेन्सर वाजतो, इथे पोटालाच बॅटरी असते. गायमुखच्या खड्ड्यांतून रोज गेलेल्या गाडीच्या खालच्या पत्र्यावर बारीक ओरखडे असणारच. आत दबलेला पोचा, सुटलेला बोल्ट किंवा नव्याने फासलेला काळा रंग दिसला तर विकणाऱ्याचा निरोप घ्यावा.

बाकीचं भराभर सांगतो. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी गाडी, पिवळी म्हणजे टॅक्सी. पाटी बदलता येते, म्हणून आरसी आणि सरकारी ‘वाहन’ पोर्टलवरची नोंद बघा. चार्जिंग केबलचा तीन पिनांचा प्लग हातात घेऊन बघा. पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर घरातलं सॉकेट ढिलं होतं. गाडी अजिबातच जागी होत नसेल तर घाबरू नका, बोनेटखालची १२ व्होल्टची साधी बॅटरी मेली असेल. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी येईल ते, अशी देतात. ती पहिल्या नोंदणीपासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. नेक्सॉन ईव्ही आणि झेडएस ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आल्या, म्हणजे त्या पहिल्या खेपेच्या गाड्यांची आठ वर्षं २०२८ मध्ये भरतात. दुसऱ्या मालकाला अटी त्याच लागू आहेत का, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

डॉक्टरांची गाडी आम्ही सोडली. ८२ टक्के क्षमता वाईट नव्हे. पण ते किंमत मागत होते चौदा हजार किलोमीटरची.

पुढच्या आठवड्यात कोपरखैरण्यात तेच मॉडेल मिळालं, तीन वर्षं जुनं, ५२,००० किलोमीटर चाललेलं. भाच्याचा चेहरा पडला. मालकीणबाई रोज ठाण्याला नोकरीला जायच्या, पार्किंग पोडियमच्या खाली सावलीत, चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायच्या, कारण “पूर्ण व्हायची वाट बघायला वेळ कुणाला होता?” त्याच चार्जरवर, त्याच ६० टक्क्यांना १६.८ युनिट आत गेले. घट वजा जाता हिशेब निघाला ९० टक्क्यांच्या आसपास, आणि किंमत डॉक्टरांपेक्षा सव्वा लाखाने कमी. भाच्याने तिथल्या तिथे टोकन दिलं.

एक गोष्ट आम्ही विसरलोच. गाडीच्या ॲपवरचं जुनं खातं काढून टाकायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी रात्री अकराला बाईंचा फोन आला: “अहो, तुमची गाडी घोडबंदरला उघडीच आहे. मी इथून लॉक करू का?”