ग्रेड परीक्षा, वाढीव गुण आणि शाळेतून गायब झालेली माती: थोडी पार्श्वभूमी

सप्टेंबर आला की हायस्कूलच्या ड्रॉइंग हॉलमधे अचानक गर्दी व्हायला लागते. जूनपासून ज्या पोरांना ड्रॉइंगच्या तासाला गणिताची वही काढायची असते तीच पोरं आता रविवारी सुद्धा पोस्टर कलरच्या बाटल्या घेऊन सरांच्या मागे लागलेली दिसतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला ग्रेड परीक्षा म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला नको, महाराष्ट्रात शाळा झालेल्या बऱ्याच घरांत त्यातलं एखादं सर्टिफिकेट फाइलला लावलेलं असतंच. पण या परीक्षेच्या ग्रेडचे गुण दहावीच्या टक्केवारीत मिळवायचे की नाही यावर जी चर्चा दर दोन-तीन वर्षांनी नव्याने सुरू होते, ती बहुतेक वेळा मागचं काही न बघताच होते. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात थोडक्यात. १८५१ मधे लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं, त्यात इंग्रजांच्या लक्षात आलं की आपला माल भरपूर आहे पण त्यावरची नक्षी काही खास नाही आणि हिंदुस्थानातून आलेल्या वस्तूंची नक्षी बघायला लोक थांबतायत. मग कारागिरांना पद्धतशीर ड्रॉइंग शिकवायचं ठरलं, आधी सरळ रेषा मग वक्ररेषा, मग भूमिती, मग समोर ठेवलेली वस्तू, मग नक्षीकाम, आणि प्रत्येक पायरीला परीक्षा. हीच पायऱ्यांची पद्धत मुंबईत आली. १८५७ मधे जेजे, म्हणजे मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, सुरू झालं ते सुद्धा पारशी शेठजींच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून आणि कारागीर घडवायच्या हेतूने. चित्रकार वगैरे घडवणं ही नंतरची गोष्ट. पुढे १९ व्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत सरकारी शाळांमधे ड्रॉइंगचे वर्ग निघाले आणि आपल्या ग्रेड परीक्षांची मुळं तिथलीच.

जेजेमधे मातीकामही होतं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. १८७० च्या दशकात जेजेमधे पॉटरी बनायची, सिंधच्या कुंभारांची निळी-हिरवी झिलई आणि वर अजिंठ्याची नक्षी असा तो प्रकार, आणि त्याच काळात तिथलेच विद्यार्थी अजिंठ्याला जाऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होते, ते काम १८७२ ते १८८५ चाललं. त्या फुलदाण्या परदेशातल्या प्रदर्शनांत गेल्या. म्हणजे ड्रॉइंग, डिझाइन आणि पॉटरी या तिन्ही गोष्टी एकाच छताखाली होत्या, कागदावर उतरवलेली वेल दुसऱ्या हॉलमधे जाऊन भांड्यावर चढत होती. शाळांपर्यंत येताना त्यातल्या पहिल्या दोनच पोचल्या.

का, तर माझ्या मते कारण अगदी कारकुनी आहे. ड्रॉइंगचा कागद गठ्ठ्यात बांधून तपासायला पाठवता येतो. मातीचं भांडं पाठवता येत नाही. त्यात भट्टी हवी, माती मळायला जागा, हात धुवायला पाणी, आणि वाळायला आठवडाभर कुणी हात लावणार नाही असं कपाट हवं, आणि आठवीच्या वर्गात असं कपाट असणं अशक्य आहे. जे गठ्ठ्यात जाईल ते टिकलं.

१९३७ मधे वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवायचं हा विचार पुढे आला, तेव्हा मातीला परत यायची संधी होती. पण शाळांनी मूलोद्योग म्हणून टकळी-चरखा, सुतारकाम, शेती असं सोयीचं धरलं. पुढे ६०-७० च्या दशकात तेच कार्यानुभव या नावाने आलं. कार्यानुभवाच्या तासाला काय केलं असं आपल्या पिढीतल्या कुणालाही विचारा, खडू, मेणबत्ती, उदबत्ती, फाइल आणि पुठ्ठ्याचं पेनस्टँड. मातीकाम पुस्तकात छापलेलं असायचं, वर्गात क्वचित.

१९६५ मधे राज्यात कलाशिक्षणासाठी स्वतंत्र संचालनालय झालं आणि ग्रेड परीक्षांचा कारभार तिकडे. तेव्हापासूनचा ढाचा बऱ्यापैकी ओळखीचा आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. पूर्वी निसर्गचित्र पण असायचं, त्या दिवशी सकाळी केंद्रावरचे शिपाई आणि दोन-तीन शिक्षक आजूबाजूच्या बंगल्यांच्या कुंपणावरून जास्वंदीच्या फांद्या तोडून आणायचे आणि प्रत्येक बाकाला एक अशी वाटप व्हायची, पेपर संपेपर्यंत फुलाने मान टाकलेली असायची आणि चित्रात ते ताजंच असायचं. मुक्तहस्त चित्र म्हणून एक पेपर होता, त्यात मधे एक रेघ आणि दोन्ही बाजूला सारखी कलशासारखी आकृती. आता हे दोन्ही बाद झालंय आणि मला तरी निसर्गचित्र गेल्याचं वाईट वाटतं, मुक्तहस्तचं अजिबात नाही.

स्मरणचित्राचं जरा बघण्यासारखं आहे. विषय येणार बसस्टॉप, भाजीमंडई, पंक्चरवाला, नाहीतर दहीहंडी. त्यात दोन-तीन माणसं काढावीच लागतात, आणि माणूस काढणं ही सगळ्यात अवघड गोष्ट. त्यामुळे क्लासवाले आणि शाळेतले सर दोघंही एकच युक्ती शिकवतात, एक माणूस पाठमोरा, एक छत्रीखाली, एकाचे पाय गवतात किंवा टोपलीमागे. बोटं आलीच तर मूठ. एका केंद्रावरचे कागद शेजारी शेजारी ठेवले तर शंभर पाठमोऱ्या बायका भाजी घेताना दिसतील. याला स्मरणशक्ती म्हणायचं का हा प्रश्न आहे पण ग्रेड मिळते.

संकल्पचित्र म्हणजे शाळेतलं डिझाइन. वर्तुळ किंवा चौकोन द्यायचा, त्यात पान-फूल-पक्षी घेऊन नक्षी बसवायची आणि तीन-चार रंगांच्या फिक्या-गडद छटांनी भरायचं. रंग एकसारखा लागला पाहिजे, ब्रशचा ओरखडा दिसता कामा नये. आता कॉम्प्युटरवर एका क्लिकमधे सपाट रंग भरला जातो त्या काळात हे हाताने का करायचं असं पोरं विचारतात. उत्तर देणारे सर म्हणतात की त्याने हात बसतो, आणि ते खरंही आहे. पण ती नक्षी शेवटी कशावर जाणार, साडीच्या काठावर, टाइलवर की भांड्यावर, हे विचारायचं पेपरातून कधीच निघून गेलंय. १५० वर्षांपूर्वी हा विषय सुरू झाला तोच मुळी त्यासाठी.

आता गुणांकडे येऊ, कारण खरा राडा तिथेच आहे.

दशकानुदशकं ग्रेडचा दहावीशी हिशोबापुरता काही संबंध नव्हता. सर्टिफिकेट मिळायचं, पुढे एटीडी (कलाशिक्षक पदविका), कलेचा फाउंडेशन कोर्स, आर्किटेक्चर असं काही करणाऱ्यांना उपयोग व्हायचा, बाकीच्यांना कौतुक. मग खेळाडूंना मिळतात तसे कलेलाही गुण द्यावेत ही मागणी बरीच वर्षं चालली आणि शास्त्रीय नृत्य-गायन, लोककला, चित्रकला यांना दहावीत वाढीव गुण द्यायचा निर्णय झाला, २०१७ च्या निकालात तो पहिल्यांदा दिसला. सुरुवातीला इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला १५ गुण होते. त्या वर्षी राज्यात १९३ जणांना १०० टक्के मिळाले, अर्थात वाढीव गुण धरून, आणि एकदम बोंब झाली. दहावीत भाषा विषय असताना १०० टक्के कसे, क्लास लावून नाच शिकणाऱ्या शहरी मुलांनाच फायदा, अकरावीच्या कटऑफची वाट लागली, वगैरे वगैरे. मग लगेच पुढच्या वर्षापासून गुण कमी केले, ए ला ७, बी ला ५, सी ला ३. पुढच्या निकालात १०० टक्केवाले १२५ वर आले.

विरोध करणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. पण चित्रकलेला शास्त्रीय नृत्याच्याच मापाने मोजणं मला पटलेलं नाही. भरतनाट्यमला गुरू, फी, पोशाख, वर्षानुवर्षं. इंटरमिजिएटला लागतात एक रंगपेटी, दोन-तीन ब्रश, कंपास आणि शाळेतले सर. तालुक्याच्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या शेजारच्या हायस्कूलात, ए ग्रेड काढणारी पोरं दरवर्षी निघतात. वाढीव गुणांच्या सगळ्या यादीत खेड्यातल्या पोराच्या आवाक्यातली, म्हणजे लोककला आणि खेळ सोडले तर, हीच एक गोष्ट होती आणि तिच्या ए ग्रेडचे गुण निम्म्याहून खाली आणले. टीका झाली १०० टक्केवाल्यांवर, कात्री लागली ७२ टक्केवाल्यालाही.

दुसऱ्या बाजूने बघितलं तर गुणांमुळे परीक्षेला बसणारी गर्दी बदलली हेही खरं. पूर्वी आवड असलेली पोरं बसायची. आता नववीतला प्रत्येक हुशार विद्यार्थी बसतो, आईबाबाच फॉर्म भरायला लावतात, आणि ड्रॉइंग टीचरचं वर्षभराचं काम म्हणजे चार पेपरांची तयारी. तासाला काही वेगळं करून बघू, माती आणू, लिनोकट करू असं एखाद्या उत्साही मॅडमनी म्हटलंच तर पालक विचारतात, हे परीक्षेला आहे का? नाहीये.

मग कोविड. २०२० मधे ग्रेड परीक्षा झाली नाही. मार्च २०२१ मधे शासनाने निर्णय काढला की परीक्षाच झाली नाही तर त्या वर्षीच्या दहावीला चित्रकलेचे वाढीव गुण नाहीत. यात गोची अशी की काही मुलं आधीच्या वर्षी इंटरमिजिएट पास होऊन बसली होती, त्यांच्या हातात सर्टिफिकेट होतं. त्यांचं म्हणणं, आम्ही परीक्षा दिली, ग्रेड मिळवली, आता आमचे गुण का जावेत. आणि ज्यांची एलिमेंटरी झालेली पण इंटरमिजिएट राहून गेली त्यांचं म्हणणं की त्यांना दिले तर आमच्यावर अन्याय. दोघंही बरोबर. सगळ्यांना शून्य हा त्यावरचा सोपा उपाय काढला गेला. पुढे एप्रिलमधे दहावीचीच लेखी परीक्षा रद्द झाली, त्यामुळे हा वाद त्या गोंधळात दबून गेला, पण ड्रॉइंगच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तो अजून निघतो.

याच्या आधी, गुण द्यायच्या निर्णयाच्या आगेमागे, आणखी दोन गोष्टी घडल्या त्याची बातमी छोटी आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या १०० पेक्षा जास्त पटाच्या शाळेत कलेसाठी अर्धवेळ निदेशक, म्हणजे शिकवणारा माणूस, पाहिजे असं लिहिलंय. त्यातून २०१५ मधे अतिथी निदेशक हा प्रकार आला, तासाला ५० रुपये मानधन. पन्नास. एका चांगल्या ब्रशची किंमत त्याहून जास्त असते. आणि २०१७ मधे, म्हणजे ज्या वर्षी गुण द्यायला सुरुवात झाली त्याच वर्षी, वेळापत्रकातल्या कला आणि शारीरिक शिक्षणाच्या तासिका कमी केल्या गेल्या, त्यावर शिक्षक आंदोलनाला उतरले. एकीकडे चित्रकलेला निकालपत्रात गुण आणि दुसरीकडे चित्रकलेचा तासच कमी, हे एकाच वर्षात. दोन वेगवेगळ्या टेबलांवरचे कागद एकमेकांना कधी भेटले नसावेत.

मातीचं म्हणाल तर ती परत आलीये पण मागच्या दाराने, गणपतीच्या निमित्ताने. पीओपीच्या मूर्तींवरून वाद वाढत गेला, २०२० मधे केंद्रीय नियमावलीतच पीओपीला मनाई आली, आणि शाळा-शाळांतून ऑगस्टमधे शाडूच्या गणपतीची कार्यशाळा हा वार्षिक कार्यक्रम झाला. यात जे शिकवलं जातं ते चांगलंच असतं. माती मळताना पाणी जास्त झालं की सोंड गळून पडते, मग आत काडी घालायची, जोडायच्या जागी दोन्हीकडे ओरखडे काढून मातीचंच पातळ पाणी लावायचं, नाहीतर वाळताना हात सुटून येतो. कुठल्याही पॉटरीच्या वर्गात पहिल्या महिन्यात जे शिकवतात तेच हे. फक्त इथे ते एका दुपारी उरकतं आणि मूर्ती विसर्जित होते, भाजायचा प्रश्नच येत नाही. चाक नाही, भट्टी नाही, झिलई नाही. उरलेली माती झाकून ठेवली तर पुन्हा वापरता येते पण बहुतेक शाळांत ती गोणी पुढच्या वर्षीपर्यंत दगड होऊन पडलेली असते.

आणि २०२० च्याच राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवायचे असं आहे, त्यात स्थानिक कारागिरांकडून शिकावं असं म्हणताना सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशी चक्क यादी दिलीये. म्हणजे कागदावर कुंभार शाळेत आला. काही शाळांत खरोखरच चाक आणतात, प्रत्येक मुलाला अर्धा मिनिट हात लावू देतात आणि फोटो काढतात. पण हे आठवीपर्यंत. नववी-दहावीला त्या यादीतलं काही नाही, तिथे अजून ७-५-३ च चालू आहे, आणि वाढीव गुणांचे प्रस्ताव शाळेने वेळेत बोर्डाकडे पाठवले नाहीत तर तेही नाही, म्हणून दर जानेवारीत मुदतवाढ मिळाली का याची विचारणा सुरू होते.