भडक रंगांचा शेजार: पार्श्वभूमी

एक भिंत किरमिजी, दुसरी शेंदरी, दार जांभळट गुलाबी. रंगचक्रावर, म्हणजे रंग क्रमाने गोलात मांडलेल्या आकृतीवर, एकमेकांना खेटून बसलेले भडक रंग एकाच खोलीत घ्यायचे, ही पद्धत आज धिटाईची समजली जाते. गंमत अशी, की रंगशास्त्राच्या पुस्तकांनी शेजारच्या रंगांचा मेळ वर्षानुवर्षं सौम्य आणि बिनधोक या सदरात टाकला होता. धाडस करायचं तर विरोधी, म्हणजे चक्रावर समोरासमोरचे रंग घ्या, ही शिकवण. ती उलटली कशी, याचं उत्तर सजावटकारांच्या कल्पनेत थोडं आणि रंगाच्या डब्यात जास्त सापडतं.

भिंतीवर तेजस्वी रंग चढवणं हेच मुळात फार काळ महागडं आणि बेभरवशाचं काम होतं. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने फाबेरियस नावाच्या लेखनिकाचा किस्सा नोंदवला आहे. या गृहस्थाने अॅव्हेंटाइन टेकडीवरच्या घरात चौकाभोवतीच्या उघड्या भिंती हौसेने हिंगुळाने, म्हणजे पाऱ्याच्या खनिजापासूनच्या भडक लालाने, रंगवून घेतल्या. 30 दिवसांत उजेडाने त्यांचा रंग उतरून पट्टे उमटले, आणि बिचाऱ्याला दुसऱ्या रंगांचं कंत्राट नव्याने द्यावं लागलं. हिंगूळ इतका महाग होता, की तो रंगाऱ्याने नव्हे, घरमालकाने पुरवायचा असा रिवाज होता. जिथे एका लालाचीच ही कथा, तिथे त्याच्या बाजूला तितक्याच ताकदीचा नारिंगी आणि जांभळा कोण लावणार? गेरू आणि पिवळी माती यांचा शेजार स्वस्तात जमायचा, पण तो मातकट.

18व्या शतकात रसायनशास्त्राने रंगांची पेटी मोठी केली. 1775 मध्ये शेले या रसायनज्ञाने तयार केलेला हिरवा पुढे भिंतीवर चिकटवायच्या कागदांतही भरपूर वापरला गेला. त्यात सोमल हे विष होतं, हे लोकांनी बराच काळ फारसं मनावर घेतलं नाही. 1781 मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स टर्नरने शिशापासून केलेल्या एका पिवळ्याचं पेटंट घेतलं. लंडनमधल्या जॉन सोन या वास्तुविशारदाच्या घरातले दोन्ही दिवाणखाने त्याच पिवळ्यात न्हालेले आहेत. मात्र नवा रंग मिळाला की तो एकटाच मिरवायचा, अशी तेव्हाची एकूण तऱ्हा दिसते.

रंगांच्या शेजाराकडे शास्त्र म्हणून पाहिलं ते मिशेल शव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाने. 1824 पासून तो पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या, राजाश्रयाच्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळत होता. तिथे तक्रार आली, की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा धागा फिका दिसतो. त्याने तपासलं, तर काळ्यात काहीच खोट नव्हती. शेजारचे रंग डोळ्याला फसवत होते. 1839 मध्ये त्याने यावर जाडजूड ग्रंथ काढला. लाल आणि नारिंगी लगत ठेवले तर लाल जांभळ्याकडे झुकल्यासारखा दिसतो आणि नारिंगी पिवळ्याकडे. म्हणजे सख्खे शेजारी एकमेकांना दूर ढकलतात. मेळाचे त्याने दोन वर्ग केले, सारखेपणाचा आणि विरोधाचा. विरोधी जोड्यांना त्याने मोठा मान दिला, आणि पुढच्या पाठ्यपुस्तकांत शेजारच्या रंगांच्या वाट्याला सौम्यपणा आला. माझ्या मते हा अन्याय शव्ह्रलच्या वाचकांनी केला. रंग एकमेकांना ढकलतात हे ज्याने दाखवलं, त्याच्याच ग्रंथात या धिटाईचं बीज होतं.

19व्या शतकातलं याचं ठळक उदाहरण म्हणजे व्हिसलर या चित्रकाराने 1876–77 मध्ये लंडनमध्ये रंगवलेली मोर-खोली. फ्रेडरिक लेलँड या जहाजमालकाच्या जेवणघरात किरकोळ फेरफार करायला म्हणून तो गेला. मालक बाहेरगावी असताना त्याने भिंतींवरचं किमती चामडं निळ्या-हिरव्याने झाकलं आणि वर सोनेरी मोर काढले. निळा आणि हिरवा, रंगचक्रावरचे शेजारीच. व्हिसलरने 2000 गिनी मागितल्या. लेलँडने 1000 पौंड टेकवले आणि दोघांचं कायमचं फाटलं. ती खोली आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जशीच्या तशी उभी आहे.

मग पांढऱ्याचं राज्य आलं. वास्तुविशारद ल कोर्बुझिएने 1925 मध्ये सगळ्या भिंती पांढऱ्या करा असा पुकारा केला. त्याच माणसाने 1931 मध्ये एका कंपनीच्या भिंतकागदांसाठी 43 रंग निवडून दिले, हे मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं.

खरा फरक पडला तो रंगद्रव्यांमुळे. 1935 मध्ये थॅलोसायनिन निळा बाजारात आला, पाठोपाठ हिरवा. 1958 मध्ये क्विनाक्रिडोन हे लाल-किरमिजी-जांभळ्या पट्ट्यातले रंग आले. तेजस्वी तर खरेच, शिवाय उजेडात टिकणारे. किरमिजी, लाल, नारिंगी यांची ताकद प्रथमच जवळपास सारखी झाली, आणि एकाने दुसऱ्याला खाऊन टाकण्याची भीती कमी झाली. लगेच पुढच्या दशकात सजावटकार डेव्हिड हिक्स इंग्लंडमध्ये गुलाबी, शेंदरी आणि किरमिजी एकाच खोलीत खेळवू लागला. मेक्सिकोत वास्तुविशारद लुइस बरागानने गुलाबी आणि तांबूस भिंती समोरासमोर उभ्या केल्या. डेन्मार्कच्या व्हेर्नर पँटन या डिझायनरने तर हे तत्त्वच केलं. 1970 मध्ये कोलोन इथे ऱ्हाईन नदीतल्या जहाजावर त्याने जी दालनं रचली, त्यांतलं मुख्य दालन निळ्यापासून जांभळ्यावरून लालाकडे वळत जाणारी मऊ गुहा होती. बसायची जागा कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, ते कळत नाही.

पँटनच्या खोल्या टिकतात याचं कारण त्याने रंग बदलला तरी गडदपणा फारसा हलू दिला नाही. दोन शेजारी रंग सारखेच गडद असले, की त्यांची सीमारेषा डोळ्याला पुसट होते आणि खोली अखंड वाटते. एक फिका, एक गडद घेतला की तिचे लगेच तुकडे दिसतात. कोपऱ्यात आणखी एक गोष्ट घडते. दोन रंगीत भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, त्यामुळे तिथला रंग शेडकार्डावरच्या चौकोनापेक्षा बराच दाट भासतो. विरोधी रंग असते तर हा परतलेला उजेड रंगाला मळवतो; शेजारी असतील तर आणखी पेटवतो.

रंगाऱ्याच्या लेखी या हौसेची किंमत वेगळीच. झाकण्याचं काम मुख्यतः टायटॅनियमचा पांढरा करतो, आणि भडक छटांच्या डीप बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगद्रव्य मिसळून ती छटा करतात त्या मूळ डब्यात, तो जवळपास नसतोच. म्हणून लाल-नारिंगीला आधी करडा प्रायमर आणि वर तीन-चार हात लागतात. शेडकार्डही मदतीला येत नाही. त्याच्या उभ्या पट्टीवर बहुधा एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा असतात, आणि गिऱ्हाईक त्याच पट्टीत वरखाली फिरत राहतं. शेजारचा रंग हवा तर पुढची पट्टी उघडायची आणि त्याच उंचीवरचा चौकोन पाहायचा.