मसालेभाताचा वास आणि रोलची गोडी

जानेवारीत निफाडचा पारा उतरला की नाशिकही काकडतं. अशाच एका सकाळी गंगापूर रोडवरच्या बेकरीतून दालचिनी-साखरेचे रोल आणले, भट्टीतून नुकतेच निघालेले. कागदी पिशवीला लोण्याचे डाग पडले होते. आईने पिशवी उघडून वास घेतला आणि म्हणाली, "अगं, याला तर मसालेभाताचा वास येतोय!"

बरोबरच होतं तिचं. आपल्याकडे दालचिनी गोड्या मसाल्यात, पुलावात, रश्शात जाते. गोडधोडात मान वेलची-जायफळाचा. तरीही दहा मिनिटांत पिशवी रिकामी झाली.

त्यात मोठा वाटा उष्णतेचा. दालचिनीचा वास मुख्यतः सिनॅमाल्डिहाइड या रेणूचा. ड्यूमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तो १८३४ साली वेगळा काढला. हा रेणू सहजासहजी उडणारा नव्हे. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे २४८ अंश सेल्सिअस. गार रोलमधून तो हवेत फारसा उठत नाही. रोल गरम असला की तो भराभर सुटतो, आणि मैद्यातल्या पाण्याची वाफ त्याला सोबत घेऊन निघते. दालचिनीचं तेलही वाफेवरच काढतात. घास चावताना हाच वास घशामागून पुन्हा नाकात चढतो. ज्याला आपण 'चव' म्हणतो, तिच्यात याचा हिस्सा फार मोठा असतो. सर्दीत जेवण बेचव लागतं ते यामुळेच.

दालचिनीची ती उबदार चुणचुण मात्र वासही नाही आणि चवही नाही. तोंडातल्या मज्जातंतूंवर ट्रिपए१ नावाचा एक ग्राहक, म्हणजे झणका टिपणारं प्रथिन, असतो. फेसलेल्या मोहरीचा झणका नाकात जातो तेव्हा जो जागा होतो, तोच. सिनॅमाल्डिहाइड त्यालाच हळुवार डिवचतं.

साखरेचंही उष्णतेशी नातं आहे. गोड चवीचा संदेश पुढे पाठवणाऱ्या पेशींत ट्रिपएम५ ही वाहिनी, म्हणजे विद्युतभारित कणांना वाट देणारं एक दार, असते. तापमान १५ अंशांवरून ३५ अंशांवर गेलं की तिचं काम जोरात चालतं, हे २००५ साली दाखवलं गेलं. गोठलेलं आइस्क्रीम बेताचं गोड वाटतं आणि तेच वितळल्यावर मिट्ट लागतं, ते आठवून पाहा.

आणि लोणी! निसर्गात स्निग्ध आणि शर्करा एकाच पदार्थात भरपूर असं क्वचितच सापडतं. दूध हा ठळक अपवाद. २०१८च्या एका प्रयोगात लोकांना खाण्याच्या पदार्थांवर बोली लावायला सांगितली होती. कॅलरी तेवढ्याच, आवडही तेवढीच, पण ज्या पदार्थांत स्निग्ध आणि पिष्ट दोन्ही होतं त्यांच्यासाठी लोक जास्त पैसे मोजायला तयार झाले. मेंदूतला बक्षिसाचा भागही तेव्हा जास्त उजळला. रोल त्याच जातीचा, आणि आपला तूप घातलेला शिराही.

दालचिनी स्वतः मात्र गोड नसते. गोडी जिभेला कळते, नाकाला नाही. एखादा वास पुन्हा पुन्हा साखरेसोबत आला की मेंदू दोघांची गाठ बांधतो, आणि मग नुसत्या वासानेही पदार्थ गोड भासू लागतो. गंधाचे तंतू थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या टप्प्यावर न थांबता थेट भावना आणि स्मरणाच्या भागांजवळ पोचतात, म्हणून ही गाठ घट्ट बसते. स्वीडनमध्ये मुलं लहानपणापासून दालचिनीचे पाव खातात. ४ ऑक्टोबर हा तिथे त्या पावाचा दिवस. त्यांच्या नाकाला दालचिनी म्हणजे गोड, आपल्या नाकाला लग्नाची पंगत. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

पुढे मी घरीच रोल करायला घेतले. पहिल्या खेपेला दालचिनीची पूड पिठातच मळली आणि पीठ तासभर ढिम्म बसून राहिलं. सिनॅमाल्डिहाइड जिवाणू-बुरशीला रोखतं आणि यीस्ट ही बुरशीच. तेव्हापासून पूड साखर-लोण्यासोबत थरांच्या मधेच पसरते. उरलेला रोल दुसऱ्या दिवशी कडक होतो, कारण स्टार्चचे रेणू पुन्हा स्फटिकासारखे रचले जातात. तव्यावर झाकण ठेवून गरम केला की ती रचना मोडते आणि तो मऊ पडतो.

परवा मसालेभातासाठी खलबत्त्यात दालचिनी कुटत होते. आतल्या खोलीतून आईची हाक आली, "रोल केलेस का गं?"