साडेपाचची भूक

मे महिन्यात माझा बारा वर्षांचा भाचा तीन आठवडे गावी आजीकडे राहून आला. पुण्याच्या घरी भाकरी वाढली की ताट सरकवणारा हा मुलगा परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी आईला म्हणाला, "भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कर ना." बहिणीने कौतुकाने मला फोन केला. तिचं म्हणणं एकच, आजीच्या हाताला चवच तशी आहे. आमच्या आईच्या हाताला चव आहे हे खरंच. पण त्याचा तिथला दिवस कसा जायचा हे विचारल्यावर मला आणखी एक कारण दिसू लागलं. सकाळी विहिरीवर पोहायला जायचं, दीड-दोन तास पाण्यात काढायचे, भुकेने कासावीस होऊन घरी पळत यायचं, आणि घरात त्या वेळी तयार असायची ती तव्यावरची ज्वारीची भाकरी. वेफर्सचं पाकीट हवं असेल तर एसटी स्टँडपर्यंत चालत जावं लागे.

"त्याला आवडत नाही" असं आपण म्हणतो तेव्हा आवड रक्तगटासारखी जन्मतःच ठरून आलेली असते असं धरून चालतो. थोडी तशी असतेही. गोडाची ओढ आणि कडूचा तिटकारा नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या चेहऱ्यावरही दिसतो. जिभेला मूळ चवी पाचच कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे मांसाच्या रश्शात किंवा अळंबीत असते तशी चव. पण मेथीला मेथीपण देणारी, लसणाची चटणी डोळे मिटूनही ओळखू येईल अशी जी गोष्ट असते ती स्वाद. ती बरीचशी घास चावताना घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वासातून येते. आणि स्वादांची आवड मुख्यतः शिकलेली असते.

हे शिकणं फार लवकर सुरू होतं. चव आणि वास यांवर संशोधन करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या ज्युली मेनेला यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही स्त्रियांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत, तर काहींनी बाळ अंगावर पीत असताना नियमित गाजराचा रस घेतला. पुढे त्यांच्या बाळांना गाजराच्या स्वादाची पेज दिली, तेव्हा त्यांनी इतर बाळांपेक्षा कमी तोंडं वेडीवाकडी केली. मग दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान नव्या पदार्थाची भीती वाटण्याचा काळ येतो. तेव्हा तोच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, काही न बोलता समोर येत राहिला तर भीती ओसरते. हा भाग बऱ्याच आईवडिलांना ठाऊक असतो, म्हणून इथे थांबत नाही.

मला सांगायचं आहे ते जिभेच्या खाली, पोटात घडतं.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजातले अँथनी स्क्लाफानी यांनी 1988 साली एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. पांढऱ्या उंदरांच्या जठरात थेट एक बारीक नळी बसवली होती. उंदीर एका स्वादाचं पाणी, समजा चेरीचं, चाटू लागला की नळीतून त्याच्या जठरात पिष्टाचं द्रावण आपोआप सोडलं जाई. दुसऱ्या स्वादाचं, समजा द्राक्षाचं, पाणी चाटलं तर नळीतून नुसतं पाणी. जिभेला पिष्टाचा पत्ताच नव्हता, तो माल मागच्या दाराने आत जात होता. काही दिवसांनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा उंदीर जवळजवळ सगळं पाणी चेरीच्याच बाटलीतून पिऊ लागले. नंतर पिष्ट मिळेनासं झालं तरी ती आवड बरेच दिवस पुसली गेली नाही.

याचा अर्थ असा की आवडीवर शिक्का मारणारं एक कार्यालय आतड्यातही आहे. स्वाद येतो, काही मिनिटांत आतड्यातून ऊर्जा आल्याची वर्दी मेंदूला पोचते, आणि मेंदू त्या स्वादापुढे लिहून ठेवतो: हे कामाचं, पुन्हा खा. 2008 साली इव्हान दे अराउजो आणि सहकाऱ्यांनी त्याहून टोकाचा पुरावा दिला. त्यांनी गोड चव ओळखण्याची यंत्रणाच निकामी असलेले उंदीर घेतले. त्यांच्या जिभेला साखरेचं पाणी आणि साधं पाणी यांतला फरक कळत नव्हता. तरीही साखर कोणत्या बाजूच्या बाटलीत आहे हे ते अनुभवाने शिकले आणि तिकडेच जाऊ लागले. साखर पोटात गेल्यावर त्यांच्या मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामिन, म्हणजे बक्षिसाची ओढ लावणारं रसायन, स्रवत होतं. कॅलरी नसलेल्या कृत्रिम गोडीने हे घडलं नाही.

मग निरोप जातो कसा? लहान आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या काही पेशी ग्लुकोज ओळखतात. 2018 साली दिसून आलं की यांतल्या काही पेशी व्हेगस या मज्जातंतूला थेट जोडलेल्या असतात आणि त्यांचा संदेश सेकंदाच्याही अंशात पुढे सरकतो. व्हेगस आतड्यापासून मेंदूच्या देठापर्यंत जातो. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने उंदरांमध्ये उजव्या बाजूच्या व्हेगसच्या संवेदी पेशी प्रकाशाला प्रतिसाद देतील अशा करून प्रकाशाने चेतवल्या, तर मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातून स्ट्रायटमच्या वरच्या भागाकडे डोपामिन सुटलं, आणि तो प्रकाश पुन्हा मिळावा म्हणून उंदीर धडपडू लागले. स्ट्रायटमचा हा वरचा भाग सवयींचा मानला जातो: सायकल चालवणं, चप्पल दाराशीच काढणं, घरात शिरल्याबरोबर फ्रीज उघडणं. आतड्यातून निघालेली वाट सवयीच्या दारापर्यंत जाते, याचा शोध मला गेल्या काही दशकांतल्या सर्वांत सुंदर शोधांपैकी एक वाटतो.

माणसांवरचे असे प्रयोग उंदरांइतके स्वच्छ निकाल देत नाहीत, कारण माणूस प्रयोगशाळेत येतो तोच हजारो जेवणांच्या आठवणी घेऊन. तरी कलोनच्या माक्स प्लांक संस्थेतला, 2023 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बोलका आहे. त्यात प्रौढांना नेहमीच्या जेवणाखेरीज रोज एक छोटं पुडिंग आठ आठवडे दिलं. एका गटाचं पुडिंग साखर आणि स्निग्धांशाने भरलेलं, दुसऱ्याचं तेवढ्याच कॅलरींचं पण कमी स्निग्धांशाचं. दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. पण पहिल्या गटाला कमी स्निग्ध पदार्थ आधीपेक्षा कमी आवडू लागले आणि गोड-स्निग्ध पदार्थाला त्यांचा मेंदू जास्त जोराने प्रतिसाद देऊ लागला. रोजच्या एका लहान वाटीने दोन महिन्यांत हे केलं.

आता हा सगळा कारभार बारा-तेरा वर्षांच्या शरीरात ठेवून पाहा. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, त्यामुळे भूक खरोखरच मोठी असते. बक्षिसाला प्रतिसाद देणारी मेंदूतली यंत्रणा या वयात जोरात असते, तर हात आवरणारा कपाळामागचा भाग पक्व व्हायला विशी उलटावी लागते. असं मूल शाळा आणि क्लास उरकून संध्याकाळी साडेपाचला घरी येतं. दुपारचा डबा कधीच जिरलेला असतो. पोट रिकामं, दप्तर अजून खांद्यावर, आणि समोर जे असेल ते तोंडात. त्या घासाबरोबर आतड्यातून जी वर्दी जाते ती दिवसातली सर्वांत ठळक वर्दी असावी असं मला वाटतं. ओट्यावर बिस्किटांचा पुडा, खारी किंवा फरसाण असेल तर त्यांचं नाव लिहिलं जाईल. डब्यात शेंगदाण्याचे लाडू, उकडलेले हरभरे, सकाळची भाकरी किंवा वाफवलेली मटकी असेल तर त्यांचं. आठला घरची मंडळी जेवायला बसतात आणि "भाजी खा रे" सुरू होतं, तोवर दिवसाचा धडा गिरवून झालेला असतो.

पालेभाजी या परीक्षेत का मागे पडते तेही इथे कळतं. तिच्यात ऊर्जा इतकी थोडी की आतडं तिच्या स्वादाची फारशी दखल घेत नाही. म्हणून भाजीत शेंगदाण्याचं कूट घालण्याची, मेथीत मुगाची डाळ टाकण्याची आपली रीत मला फार शहाणपणाची वाटते. मेथीचा स्वाद डाळीच्या आणि दाण्याच्या खांद्यावर बसून आत जातो.

घरोघरी चालणारे दोन उपाय मात्र उलटे पडतात. पहिला, "पानात काही उरता कामा नये." अमेरिकेत लहान मुलांना काही आठवडे सूप दिलं गेलं. एका सूपच्या वेळी संपवण्याचा आग्रह केला, दुसऱ्याच्या वेळी कोणी काही बोललं नाही. आग्रहाचं सूप मुलांनी कमी प्यायलं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. दुसरा उपाय, डबा कपाटावर चढवणं. 1999 साली जेनिफर फिशर आणि लिअॅन बर्च यांनी दाखवलं की डोळ्यांसमोर ठेवून मनाई केलेल्या खाऊकडे मुलांचं लक्ष आणि मागणी, दोन्ही वाढतात. ही सगळी मुलं तीन ते सहा वर्षांच्या आसपासची होती. तेरा वर्षांच्या मुलाला तर कपाटावर हात पोचतो आणि खिशात दहा रुपये असतात. त्याच्यासाठी मनाई आणखीच दुबळी. जो पदार्थ घरात रोज नको, तो महिन्याच्या किराण्याच्या यादीतच न घालणं जास्त सोपं.

मूल नीट जेवेना की अजूनही कित्येक घरांत दृष्ट काढतात, मीठ-मोहऱ्या उतरवून टाकतात. त्यामागची माया मला कळते, पण कोणाच्या नजरेने भूक मरत नाही. चारला पोटात गेलेल्या पुडाभर बिस्किटांनी ती रात्री मरते. सुशिक्षित घरांत मीठ-मोहऱ्यांची जागा उंची आणि बुद्धी वाढवण्याचं आश्वासन देणाऱ्या पावडरींनी घेतली आहे. त्यांतल्या अनेकींमध्ये साखर भरपूर असते. 2024 साली केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही. दुधात ढवळलेल्या त्या दोन चमच्यांमुळे मुलगा हुशार होणार नाही, साधं दूध मात्र त्याला बेचव वाटू लागेल.

एक आकडा मला बराच काळ सतावत होता. ब्रिटनमध्ये तीन वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासात खाऊ, दूधदुभतं आणि पिष्टमय पदार्थ यांच्या आवडीवर घराचा मोठा प्रभाव दिसला. पण 2016 साली 18-19 वर्षांच्या जुळ्यांचे निकाल आले, तेव्हा सामाईक घराचा प्रभाव जवळजवळ शून्यावर आला होता. आवडीनिवडींतला सुमारे निम्मा फरक जनुकांमुळे आणि उरलेला ज्याच्या त्याच्या स्वतंत्र अनुभवांमुळे. मग घरात एवढं करायचं कशाला? यावर मी पुष्कळ विचार केला. पहिली गोष्ट, असे अभ्यास माणसामाणसांतला फरक मोजतात. सगळ्याच घरांत जे सारखं असतं, ते या गणितात उतरतच नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांना वरणभात ओळखीचा वाटतो, पण घराचा हा प्रभाव अशा आकड्यात शून्यच दिसेल. दुसरी गोष्ट, तीन आणि अठरा यांच्या मधे बारा आहे. घराची पकड सैल होत चालली आहे, पण सुटलेली नाही, असं ते वय. पुढे मेस, टपरी आणि फोनवरून मागवलेलं जेवण येणारच आहे.

एकत्र जेवण्याविषयी थोडं. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात 'प्रोजेक्ट ईट' या नावाने 1990च्या दशकाच्या अखेरीपासून हजारो किशोरवयीन मुलांचा माग घेतला गेला. जी मुलं घरच्यांबरोबर जास्त वेळा जेवतात त्यांच्या खाण्यात फळं-भाज्या जास्त असतात, असं त्यात दिसलं. टीव्ही चालू ठेवून एकत्र जेवणाऱ्यांचं खाणंही एकत्र न जेवणाऱ्यांपेक्षा बरं होतं. हा संबंध आहे, कारण असेलच असं नाही. ज्या घरात संध्याकाळी सगळे वेळेवर परततात त्या घराची परिस्थितीच वेगळी असते. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या आईबापांना या निष्कर्षावरून दोष देणं मला मान्य नाही.

पण एकत्र जेवण्याची आपल्याकडची एक बाजू मिनेसोटाच्या आकड्यांत सापडणार नाही. 2016 ते 2018 या काळातल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 या वयोगटातल्या मुलींपैकी 40 टक्के, तर मुलांपैकी 18 टक्के रक्तक्षयी आढळल्या. पाळी सुरू झाल्यावर मुलींची लोहाची गरज वाढते हे खरं. पण याच वयात अनेक घरांत मुलगी भावाच्या आणि बापाच्या पंगतीतून उठून आईच्या पंगतीत, म्हणजे शेवटी जेवणाऱ्यांत, जाते. तोवर उसळीच्या पातेल्यात रस्साच उरलेला असतो. त्यातून घेतलेल्या लोहापैकीही बरंच वाया जातं, कारण चहातली टॅनिनसारखी द्रव्यं धान्य-कडधान्यांतलं लोह धरून ठेवतात. चहा-चपाती हा कित्येक मुलींचा नाश्ता आहे, आणि साडेपाचचं खाणंही. चहा तासभर पुढे ढकलला आणि मटकीवर लिंबू पिळलं, तर त्याच ताटातलं जास्त लोह रक्तात जातं. त्यासाठी खर्च एका लिंबाचा. सहावी ते आठवीच्या शालेय पोषण आहारात 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनांचं प्रमाण ठरलेलं आहे. नववीत गेल्यावर तेही थांबतं, आणि त्या मुलीच्या पोटाचा सगळा भार घराच्या स्वयंपाकघरावर येतो.

जूनमध्ये भाच्याची शाळा सुरू झाली. बहिणीने सकाळीच दोन भाकऱ्या जास्त थापायला सुरुवात केली आहे. संध्याकाळी ती साडेसातला ऑफिसातून येते, त्यामुळे भाकरी फडक्यात गुंडाळून चटणीच्या बरणीशेजारी ओट्यावर ठेवते आणि दाराची किल्ली शेजारच्या काकूंकडे. पहिल्या आठवड्यात तीन दिवस भाकरी संपली, दोन दिवस तशीच राहिली. त्या दोन दिवसांत क्लासच्या खाली वडापावची गाडी लागली होती, असं त्याने स्वतःच सांगितलं.