अठरा वेळा विचारलं की एकदा ‘हो’ येतंच

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पाणीकपातीच्या सूचनेखाली एक फॉरवर्ड येऊन पडला. ‘रोज डार्क चॉकलेट खा, वजन झपाट्याने उतरवा. जर्मनीतलं संशोधन.’ दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच हात जोडले. जिमला जाणाऱ्या त्यांच्या मुलाने ‘सायंटिफिकली प्रूव्हन’ म्हणून शिक्का मारला. मला हसू आवरेना. हे संशोधन खरोखर झालं होतं, पण लोक किती सहज फसतात ते दाखवायला झालं होतं!

2015 साली जॉन बोहॅनन या विज्ञान-पत्रकाराने जर्मन टीव्ही पत्रकारांच्या साथीने हा उद्योग केला. एका गटाला कमी कर्बोदकांचा आहार, दुसऱ्याला तोच आहार आणि वर रोज 42 ग्रॅम डार्क चॉकलेट, तिसऱ्याला नेहमीचं जेवण. मुदत तीन आठवडे, शेवटपर्यंत टिकली 15 माणसं. चॉकलेटवाल्यांचं वजन 10 टक्के जास्त वेगाने उतरलं. आकडे खोटे नव्हते. ‘बिल्ड’ या जर्मन दैनिकाने बातमी छापली, मग देशोदेशी छापून आली. मे महिन्यात बोहॅननने स्वतःच भांडं फोडलं.

आकडे खरे, मग फसवणूक कुठे? तर त्यांनी फक्त वजन मोजलं नव्हतं. कोलेस्टेरॉल, सोडियम, रक्तातली प्रथिनं, झोप, मनाची प्रसन्नता अशा एकूण 18 गोष्टी मोजल्या होत्या.

इथे माझा आवडता विषय सुरू होतो, तेव्हा जरा सावरून बसा. संशोधक निष्कर्षासोबत ‘पी-व्हॅल्यू’ नावाचा आकडा देतात. चॉकलेटचा काडीचाही परिणाम नाही असं धरून चाललो, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, ते हा आकडा सांगतो. ती 5 टक्क्यांखाली असली की निकाल ‘लक्षणीय’ ठरतो. ही रेघ रूढ केली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने, 1925 मध्ये, आणि तीही सोयीची म्हणून. म्हणजे 5 टक्के पी-व्हॅल्यू याचा अर्थ ‘हे 95 टक्के खरं आहे’ असा अजिबात होत नाही. शिकलेसवरलेलेही इथे घसरतात.

आता सकाळची 8:40 ची बारा डब्यांची लोकल डोळ्यांसमोर आणा. आत चार हजारांवर माणसं आहेत, मोजायला सोपं जावं म्हणून 4,096 धरू. हात हलवायला जागा नसते हे मान्य, पण समजा प्रत्येकाने ओळीने 12 वेळा नाणं उडवलं. एका माणसाला बाराही वेळा छापा पडण्याची शक्यता 4,096 मध्ये 1. गाडीत तितकीच माणसं आहेत, त्यामुळे असा निदान एक तरी सापडण्याची शक्यता निघते 63 टक्के. दादरला उतरेपर्यंत त्याचे ‘छापा महाराज’ झालेले असतील. बाकीच्या चार हजारांना काय पडलं हे विचारायला कोणी जाणार नाही.

18 मोजमापांचं तसंच आहे. एका मोजमापात योगायोगाने न फसण्याची शक्यता 0.95. अठराही मोजमापांत न फसण्याची शक्यता 0.95 चा अठरावा घात, म्हणजे सुमारे 0.40. उरलेले 60 टक्के फसण्याच्या बाजूला. (मोजमापं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं इथे धरलंय. प्रत्यक्षात वजन आणि कोलेस्टेरॉल यांचा काही संबंध असतो, त्यामुळे आकडा थोडा खाली येईल. अशा वेळी बॉन्फेरोनीची दुरुस्ती वापरतात: 0.05 ला 18 ने भागायचं आणि 0.0028 ही नवी रेघ धरायची. तीही स्वतंत्र नसलेल्या मोजमापांसाठी जरा जास्तच कडक होते, पण तो वाद इथे नको.)

ज्योतिषाची भाकितंही याच गाडीत बसलेली असतात. शंभर सांगायची, लागलेली लक्षात ठेवायची. 2008 मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळल्या आणि 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 देऊन ओळखायला सांगितल्या. सरासरी यश 46 टक्के, नाणं उडवूनही 50 मिळालं असतं. सर्वांत पुढे असलेल्याची 24 उत्तरं बरोबर आली. मी गणित मांडून पाहिलं: नाणी उडवणारे 27 जण बसवले, तर त्यांतले तीन-चार जण 24 किंवा त्याहून पुढे जातात. शिवाय पास व्हायला 28 हवीत हे संशोधकांनी आधीच ठरवलं होतं. मला त्या प्रयोगात सर्वांत जास्त आवडतं ते हेच.

ऑफिसांतही हे चालतं. बीकेसीतल्या एका कंपनीच्या प्रशिक्षणात आम्हा तीस जणांना कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं केलं होतं, हार्मोन्स बदलून आत्मविश्वास वाढतो म्हणून. हे आलं 2010 च्या, 42 जणांवरच्या अभ्यासातून. 2015 मध्ये 200 जणांवर तसाच प्रयोग झाला. माणसांना जोरकस वाटलं, पण हार्मोन्स जागचे हलले नाहीत. मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनी 2016 मध्ये हा परिणाम खरा आहे असं आपल्याला वाटत नसल्याचं जाहीर केलं. खूप प्रश्न विचारले आणि जमलेले तेवढे ठेवले, हेही कबूल केलं. मोठ्या मनाचं काम. आमचे प्रशिक्षक मात्र अजून लोकांना उभं करतायत.

उपाय साधा आहे: काय मोजणार ते आधी लिहून द्या. अमेरिकेत हृदयविकारावरच्या मोठ्या चाचण्यांचा हिशेब 2015 मध्ये मांडला गेला. 2000 पूर्वीच्या 30 पैकी 17 चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. त्यानंतर आधी नोंदणी करण्याची पद्धत रुजली आणि 25 पैकी फक्त 2 चाचण्यांत दिसला.

आपल्याकडे चाचण्यांची अशी नोंदवही 2007 पासून आहे, सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) नावाची. 15 जून 2009 पासून औषधचाचण्यांची नोंद सक्तीची झाली. ती कोणालाही फुकट पाहता येते. ‘अमुक काढ्याची चाचणी झालीय’ असा फॉरवर्ड आला की मी तिथे आधी दोन तारखा बघतो, नोंदणीची आणि पहिला रुग्ण घेतल्याची; नोंदणी आधीची हवी. मग मुख्य मोजमाप म्हणून काय लिहिलंय ते बघतो. काकूंना हे सगळं ग्रुपवर समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘मग चॉकलेट खाऊ की नको?’ म्हटलं, खा की, चव छान असते.