पुलाचे पैसे, प्रश्नाचे पैसे

काही वर्षांपूर्वी एका वाहतूक पाहणीसाठी मी मुंबईतल्या एका उपनगरी स्थानकाच्या पादचारी पुलावर तीन दिवस उभा होतो. हातात अंगठ्याने दाबायचा काउंटर, गळ्यात ओळखपत्र आणि तक्त्यात दोनच रकाने: चढणारे, उतरणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोळीण डोक्यावरची पाटी सांभाळत बाराव्या-तेराव्या पायरीवर थांबली आणि कठड्याला टेकली. गर्दी तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत राहिली. "बाबा, जरा हात लाव," म्हणाली. मी पाटी उतरवायला गेलो, तेवढ्यात वीस-पंचवीस माणसे मोजायची राहिली. तिला मी 'चढणारे'मध्ये धरले. ती का थांबली हे लिहायला तक्त्यात जागा नव्हती. असायचे कारणही नव्हते, कारण ते विचारण्याचे पैसे आम्हाला कुणी दिलेच नव्हते.

असे पैसे सरकारने वेगळे काढून द्यावेत, ही कल्पना सध्या 'मानवकेंद्री संशोधन' या नावाने फिरते आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने या दशकाच्या सुरुवातीला 'स्ट्रेंथनिंग अमेरिकन इन्फ्रास्ट्रक्चर' ही अनुदान योजना आणली. रस्ते, पूल, पाणी, वीज यांवरचे संशोधन, पण सुरुवात माणसापासून: तो या गोष्टी कशा वापरतो, कशा टाळतो, निर्णय कसे घेतो. योजना चालवायला दिली तीही अभियांत्रिकीच्या विभागाकडे नाही, समाजशास्त्रे आणि वर्तनशास्त्रे पाहणाऱ्या विभागाकडे. तिकडे याचे बरेच कौतुक झाले. मुंबईत मात्र सार्वजनिक बांधकामाआधी माणसाला विचारावे का, हा वाद सव्वाशे वर्षे जुना आहे, आणि दर वेळी तो एकाच ठिकाणी अडला आहे: विचारण्याचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा?

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. पुढच्या काही महिन्यांत घरोघर झडत्या सुरू झाल्या, भिंतींना चुना फासला गेला आणि कित्येक घरांवर 'यू. एच. एच.' ही अक्षरे रंगवली गेली. अर्थ, मनुष्यवस्तीस अयोग्य. त्याच काळात सरकारने जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा दिली, त्यांनी लस तयार केली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. म्हणजे जंतूच्या अभ्यासाला सरकारी पैसा मिळाला आणि माणसाच्या वाट्याला चुना आला.

प्लेगच्या धक्क्यातून १८९८ साली शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती ही त्याची कामे. ट्रस्टने संशोधन केलेच नाही, असे म्हणता येत नाही. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ६३.५ अंशांचा नियम पुढे रेटला. इमारतीसमोर जेवढी मोकळी जागा असेल, त्याच्या साधारण दुपटीपेक्षा समोरची भिंत उंच असू नये, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही उजेड येतो. हिशेब बिनचूक होता, आणि त्यामागची कळकळही खरी होती. पण ज्याच्या खोलीत हा उजेड यायचा, त्याला ती खोली परवडते का, बंदर किंवा गिरणी तिथून पायी गाठता येते का, हे कोन मोजून कळत नाही. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या त्या वेगाने कष्टकऱ्यांसाठी खोल्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरली.

हे उलट्या क्रमाने चालले आहे असे रोखठोक सांगणारा माणूस स्कॉटलंडहून आला. १९१४ मध्ये भारत सरकारने मुंबई विद्यापीठाला समाजशास्त्र शिकवण्यासाठी अनुदान दिले होते. त्यातून १९१९ साली विभाग उभा राहिला आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. आधी निदान, मग उपचार, असे त्यांचे म्हणणे. गल्लीबोळ पायी हिंडा, विहीर कुठे आहे, पार कुठे आहे, बायका कुठे बसतात ते पाहा, आणि मग लागेल तेवढेच कापा. सरकारी अनुदानातून शहराकडे माणसाच्या बाजूने पाहायला शिकवण्याची मुंबईतली ही पहिली ठळक खूण, असे मला वाटते. गेडिस १९२४ साली मुंबई सोडून गेले, समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये आले, आणि विभागाचा कल जात, कुटुंब, संस्कृती यांच्या अभ्यासाकडे वळला. अभ्यास मोठा झाला, पण नगररचनेच्या टेबलापासून लांब गेला.

गेडिस विद्यापीठात शिकवत असताना त्याच शहरात काय चालले होते? गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपले बीडीडी, कामाला लागले होते. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवून पैसा उभा केला. बेत ५०,००० खोल्यांचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, म्हणजे १६,००० च्या आसपास खोल्या, प्रत्येकी १६० चौरस फुटांच्या. चौकोनी, काँक्रीटच्या, मजबूत. आणि सुरुवातीची कित्येक वर्षे त्यांतल्या पुष्कळशा रिकाम्या! भाडे जड, बाजार लांब, खोल्या उदास. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. घरटंचाईने गुदमरलेल्या शहरात सरकारने घरे बांधावीत आणि त्यांत कैदी ठेवावे लागावेत, हे मला अजून पचत नाही.

विशेष म्हणजे विचारणारे खाते तेव्हा सरकारकडे होते. गिरणी संपांच्या धामधुमीनंतर १९२१ साली मुंबई सरकारने कामगार कार्यालय काढले आणि त्याने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी हाती घेतली. भाड्यावर किती, धान्यावर किती, गावी मनिऑर्डर किती, कर्जाचे व्याज किती. ९७ टक्के कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहतात, हा पुढे सतत उद्धृत होणारा आकडा त्याच पाहणीतला. म्हणजे कामगाराला भाडे किती झेपते हे एका सरकारी कपाटात लिहिलेले होते, आणि दुसरे खाते ते कपाट न उघडता सिमेंट ओतत होते. या विषयाच्या इतिहासात मला याहून बोलका प्रसंग सापडलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर नियोजन आयोगाने १९५३ मध्ये संशोधन कार्यक्रम समिती नेमली आणि शहरांच्या सामाजिक-आर्थिक पाहण्यांना पैसे दिले. पुण्याची फेरपाहणी गोखले संस्थेने केली, मुंबईची विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाने, डी. टी. लकडावाला यांच्या मार्गदर्शनाखाली. १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, स्थापन झाली. पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि सदस्य-सचिव जे. पी. नाईक, दोघेही महाराष्ट्रातले. परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र कालिन्याच्या विद्यापीठ संकुलात ज्या इमारतीत आहे, तिला नाईकांचेच नाव आहे. आयआयटी मुंबईचे औद्योगिक अभिकल्प केंद्रही १९६९ चेच. माणसाच्या हाताला, डोळ्याला, सवयीला बेतून वस्तू कशी घडवायची, हे शिकवणारी संस्था सरकारी पैशातून पवईत उभी राहिली. समाजाचा अभ्यास करणारी परिषद आणि वस्तूंचा अभ्यास करणारे केंद्र, दोन्ही एकाच वर्षातली. पण त्यांची खाती वेगळी, मंत्रालयातले मजले वेगळे.

झोपडपट्टीत मोजणी आली ती धसका घेऊनच. ४ जानेवारी १९७६ रोजी राज्यभर झोपडपट्ट्यांची शिरगणती झाली आणि फोटोपास दिले गेले. तो कागद पुढे लोकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या ट्रंकेत जपला, कारण 'तुम्ही इथे होतात' याचा तोच पुरावा. फुटपाथवर राहणाऱ्यांना तोही मिळाला नाही. १९८५ साली, फुटपाथवासीयांना हटवण्याविरुद्धच्या ऑल्गा टेलिस खटल्याच्या निकालाच्या वर्षी, 'स्पार्क' या संस्थेने भायखळ्याच्या ई वॉर्डात सुमारे ६,००० फुटपाथवासी कुटुंबांची पाहणी केली. कुठून आलात, काम काय, कामावर कसे जाता. बहुतेक जण कामावर पायी जात होते. त्यांना लांब नेऊन वसवणे म्हणजे कामच तोडणे, हे या पाहणीने कागदावर आणले.

पुढच्या दशकात हीच पद्धत सरकारी प्रकल्पात शिरली, पण मागच्या दाराने, म्हणजे कर्जाबरोबर. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ मध्ये सुरू झालेल्या मलनिस्सारण प्रकल्पात झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रम होता. वस्तीतल्या बायकांनी, विशेषतः महिला मिलन या गरीब वस्त्यांतल्या बायकांच्या संघटनेच्या गटांनी, सार्वजनिक संडासाचा आराखडा कसा असावा हे सांगितले. रांग वेगळी हवी, नाहीतर पुरुष आणि बायका एकमेकांकडे पाहत उभे राहतात. लहान मुलांना मोठी माणसे रांगेतून ढकलतात, म्हणून ती गटाराकाठी बसतात. त्यांच्यासाठी छोटी भांडी आणि धरायला दांडी. वर राखणदाराची खोली, म्हणजे देखभाल करणारा तिथेच राहील. यातले एकही वाक्य मानक नकाशात नव्हते. यातले एकही वाक्य कळायला पदवीही लागत नाही. लागतो तो वेळ, आणि निविदेत वेळेला लेखाशीर्ष नसते.

२००३ ते २००६ या काळात 'पुकार' या संस्थेत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या सार्वजनिक जागांत बायका कशा वावरतात याचा अभ्यास केला. एक समाजशास्त्रज्ञ, एक पत्रकार, एक वास्तुरचनाकार. पैसा आला भारत-नेदरलँड्सच्या संयुक्त संशोधन कार्यक्रमातून. त्यांना दिसले ते असे: बाई रस्त्यावर असली तर काहीतरी काम असल्याचे दाखवत असते. हातात पिशवी, कानाला फोन, पावले भरभर. नुसते उभे राहणे तिला परवडत नाही. पदपथ, दिवे, संडास यांचे निकष ठरवताना हे कुठल्या तक्त्यात बसवायचे? २०११ पासून 'राइट टू पी' चळवळीतल्या बायकांनी मुताऱ्यांची पाहणी करून पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे हा हिशेब महापालिकेपुढे मांडला.

मग २९ सप्टेंबर २०१७. एल्फिन्स्टन रोड आणि परळला जोडणारा पूल, सकाळी साडेदहाचा सुमार, अचानक सर आली. खाली उतरणारे लोक छताखाली जिन्यावरच थांबले, मागून गाड्या रिकाम्या होत राहिल्या. 'फूल गिर गया' हे 'पूल गिर गया' असे ऐकले गेल्याचे तेव्हा बातम्यांत आले. २३ माणसे गेली. पूल जागच्या जागी होता. लोखंडात दोष नव्हता. पाऊस आला की माणूस आडोशाला थांबतो, एवढेच जिन्याच्या रुंदीत धरलेले नव्हते. दुर्घटनेनंतर रेल्वेने जाहीर केलेला एक बदल फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही: पादचारी पूल तोवर 'प्रवासी सुविधा' या सदरात धरला जाई, आता तो सुरक्षेची अत्यावश्यक बाब ठरला. सुविधा म्हणजे जमले तर. नवा पूल लष्कराने फेब्रुवारी २०१८ पर्यंत उभा केला.

त्याच सुमारास दिल्लीहून योजनांची रीघ लागली होती. २०१५ ची 'इम्प्रिंट', मुख्यतः अभियांत्रिकीसाठी. २०१८ ची 'इम्प्रेस', समाजशास्त्रांसाठी, आयसीएसएसआरमार्फत: ४१४ कोटी रुपये, १,५०० प्रकल्प, आणि विषयांत शहरी परिवर्तनाचा समावेश. ढोबळ सरासरी प्रकल्पामागे २७-२८ लाख. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आले. पाच वर्षांत ५०,००० कोटींचा संकल्प, त्यातले १४,००० कोटी केंद्राचे, बाकी बहुतांश उद्योग आणि खाजगी स्रोतांकडून अपेक्षित. कायद्यात मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांचा उल्लेख आहे, पण विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे त्यांचा सांधा जुळतो तेवढ्यापुरता. तो सांधा किती रुंद धरायचा, ते समितीवर. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. देशभरासाठीचे 'इम्प्रेस'चे ४१४ कोटी त्याच्या शेजारी ठेवून पाहावेत.

अनुदान मिळाले तरी ते माणसापर्यंत नेणे हा वेगळाच खेळ. माझ्या एका मैत्रिणीच्या प्रकल्पात घरकामगार बायकांच्या मुलाखती होत्या. दोन तास बसायचे तर एका घराचे काम बुडते, म्हणून तिने अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायचे ठरवले. लेखा विभागाने व्हाउचर परत पाठवले: पावती जोडा. बायकांच्या अंगठ्यांचे ठसे चालेनात, जीएसटी क्रमांक हवा. शेवटी ती रक्कम 'स्टेशनरी' खाली बसवली, कागदांची किंमत वाढली आणि पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेले. दुसरा हप्ता आला तेव्हा निम्म्या बायकांनी घर बदलले होते.

बीडीडीच्या त्या २०७ पैकी वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या १९५ चाळी आता टप्प्याटप्प्याने पाडल्या जात आहेत. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. अजून जुन्या चाळीत असलेल्या आमच्या एका काकूंकडे परवा वास्तुरचनेची एक विद्यार्थिनी आली होती. प्रबंधासाठी. चार पानांची प्रश्नावली, पहिल्याच पानावर 'सामायिक गॅलरीत दिवसातून किती वेळ जातो?' काकूंनी तिला आत बसवायच्या ऐवजी गॅलरीतच पाट टाकला. तासाभरात तीन शेजारणी येऊन बसल्या, एकीने लसूण सोलायला आणला, आणि प्रश्नावलीची पाने कमी पडली. खालच्या दुकानातून आणखी झेरॉक्स काढून आणायला मुलगी उठली, तशी काकूंनी तिच्या हातात दहाची नोट कोंबली.